दहा लाख एक

देवळाच्या दर्शनी भिंतीवरची मोक्याची जागा ताकेबायाशी गुरुजींना हवी होती, आणि तिथे आमच्या ह्यांची पाटी टांगलेली होती. गणित सुटले की ते फळीवर रंगवून देवाला वाहायचे, ही आमच्याकडची रीत. वर्तुळात वर्तुळे बसवण्याचे ते गणित ह्यांनी जायच्या आधी सात महिने सोडवले आणि अमिदा बुद्धाला वाहिले.

गुरुजींनी वाहिला तो स्वतःचा मोठेपणा. देवदाराची फळी, कडेने सोनेरी मुलामा, आणि मजकूर असा: ‘दहा लाख एक. एक आणि ती स्वतः सोडून ही संख्या कुणालाही स्वतःला भागू देत नाही. लिहिणाऱ्यासारखीच ती कुणापुढे वाकत नाही.’

“वहिनी, पितरांच्या सप्ताहात सेइसुकेंची पाटी उतरवू. कोठीत नीट ठेवू हं,” गुरुजी म्हणाले.

“आपण भागून पाहिलंत?”

“एकतीस शिष्यांना भाजक वाटून दिले होते. सगळ्यांची बाकी उरली. तुम्ही आपली माळ ओढा.”

मी माळच ओढली. पहाटे गार पाणी अंगावर घेऊन अमिदाचे नाव हजार वेळा, हा माझा नेम. त्याला रोज एक भागाकार जोडला, ह्यांच्याच हिशेबाच्या मण्यांच्या चौकटीवर. जे आकडे स्वतः भागले जात नाहीत तेवढेच घ्यायचे, हे ह्यांनीच शिकवलेले. दोन, तीन, पाच, सात असे करत सव्विसाव्या दिवशी एकशे एक आला. उत्तर नऊ हजार नऊशे एक. बाकी शून्य.

सप्ताहाच्या पहिल्या दिवशी गुरुजी शिष्यांसह शिडी घेऊन आले. मी चौकट मठाधीशांपुढे ठेवली.

“बायकांची चौकट. मणी ढिले असतील,” गुरुजी म्हणाले.

“मग तुमच्या चौकटीवर मांडा,” मठाधीश म्हणाले.

गुरुजींनी मांडले. पुन्हा मांडले. शिष्यांना अचानक देवळाचे छत फार आवडू लागले.

“एकशे एक कुणाकडे होता?”

मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा, विकणारा गोन्झो पुढे आला. साठीचा माणूस, नातवंडांचा आजा. “माझ्याकडे, गुरुजी. मलाही शून्यच येत होतं.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुम्ही आधीच सांगितलं होतंत की बाकी उरते. तीन वेळा मांडलं. शेवटी मीच एक उरवली.”

अशा विद्वत्तेला नमस्कार करायला कमरेत वाकायची मला गरज वाटली नाही. शिडी आली तशी परत गेली, आणि ह्यांची पाटी हलली नाही.

गुरुजींच्या फळीचा देवदार मात्र चांगला होता. मठाच्या मुळ्याच्या लोणच्याच्या पिंपाला झाकण नव्हते, ते झाले. वर दगड ठेवला आहे. नेम आटोपला की मी तो जरा सरकवून बघते. फळी मधोमध चांगलीच वाकली आहे.