लग्नाआधीची कवळी

आमच्या डोंगरात मुलीचं लग्न ठरलं की बाप तिचे सगळे दात काढून घेतो आणि तिला कवळी करून देतो. पुढे नवऱ्याला दातांचा खर्च नको, म्हणून. मला सतराव्या वर्षी मिळाली. किडलेले दोनच होते, बाकीचे धडधाकट. तरी सगळे काढले, आणि वर मी बापाचे आभार मानले! आठवलं की अजून डोकं फिरतं.

यामिले माझी भाची. तिचा बाप सेराफिन, माझा भाऊ, गेल्या वर्षी पोटाच्या कॅन्सरने गेला. आमची आईही त्यानेच गेली होती. पोर माझ्याकडे राहते. तिचं लग्न ठरलं आणि नेमकं तेव्हाच तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. मी तिला दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"दात चांगले आहेत, हिरड्या खराब आहेत," बाई म्हणाल्या. "हिरड्यांतले जंतू थुंकीबरोबर पोटात उतरतात. पोटाचा कॅन्सर झालेल्यांत त्यातले काही जास्त सापडलेत. त्यांच्यामुळेच होतो, असं अजून सिद्ध झालेलं नाही. पण तुमच्या घरात दोघं गेलेत. हिच्या हिरड्या मी साफ करते. आणि एउदोसियाबाई, तुम्ही पास्तोला, शहरातल्या मोठ्या इस्पितळात जाऊन दुर्बिणीने पोट तपासून घ्या."

"दुर्बीण घालताना कवळी काढावी लागते का?"

"लागते."

"मग बघू पुढे," म्हटलं आणि उठले.

एक्केचाळीस वर्षांत माझं बोळकं कुणी पाहिलं नव्हतं. नवऱ्यानेसुद्धा नाही. झोपतानाही मी कवळी काढत नसे, धुवायची तर परसात जाऊन, तीही पटकन.

रविवारी यामिलेची होणारी सासू त्रान्सितो दात काढायचा दिवस ठरवायला आली. मी कुई, म्हणजे आम्ही खायला पाळतो ते गिनीपिग, भाजले होते, बटाटे उकडले होते. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं मी तिला सांगितलं. तर ती टाळी वाजवून म्हणाली, "बघा! जंतू दातांपाशी, मग दातच उपटून टाका की! रोगही जाईल आणि रीतही होईल."

"अहो, पण बाई म्हणाल्या दात चांगले आहेत."

"त्या शहरातल्या. त्यांना काय कळतं? ही तुझी आत्याच बघ ना, यामिले. चाळीस वर्षं झाली, कधी दात दुखला? हसते कशी, मोत्यासारखी!"

यामिले माझ्याकडे वळली. "आत्या, तुला खरंच काही त्रास झाला नाही ना? मग शुक्रवारी काढून टाकते. होऊन जाऊ दे एकदाचं."

माझ्या हसण्यावर विश्वास ठेवून पोर तोंड उघडणार होती. असा संताप आला मला! त्रान्सितोचा, बापाचा, पण सगळ्यात जास्त माझाच.

मी दोन बोटं तोंडात घातली, वरची कवळी काढली, मग खालची, आणि दोन्ही कुईच्या ताटाशेजारी ठेवली.

"अगं बाई!" त्रान्सितो मागे सरकली.

"बघा नीट," मी म्हणाले. दात नसल्याने शब्द सांडत होते, सांडू दे. "यामिले, इकडे ये. टाळू बघ. लाल आहे ना? सोललीये. दात गेले, जंतू कुठे गेले? कवळीखाली घर करून बसलेत, कारण लाजेने मी ती कधी धड काढली नाही की धुतली नाही. एक्केचाळीस वर्षं मी बटाटा गिळते, चावत नाही. कणीस शेवटचं खाल्लं ते लग्नाआधी. हे पाहिजे तुला?"

यामिलेने नाही म्हणून मान हलवली. मग त्रान्सितोकडे वळून म्हणाली, "माझे दात मी देणार नाही. तुमच्या मुलाला तोंडासकट मी हवी असेन तर ठरल्याप्रमाणे जूनमध्ये लग्नाला या."

त्रान्सितो न जेवता गेली. मग मला नवऱ्याची आठवण झाली. आर्सेसियो कोपऱ्यात बसून होता. मी पटकन तोंडावर हात धरला.

"हात काढ," तो म्हणाला. "रोज तोंड उघडं टाकून झोपतेस. पहिल्याच वर्षी एका रात्री वरची घसरून उशीवर पडली होती. मीच परत बसवली."

"आणि बोलला नाहीस?"

"तू लपवत होतीस. मला वाटलं, तुला तसंच आवडतं."

एवढी वर्षं कुणापासून लपवत होते मी! हसू आणि रडू एकदमच आलं. यामिलेने माझ्या कवळ्या उचलल्या, मोरीत नेऊन खसखसून घासल्या आणि पेल्यात पाण्यात ठेवल्या.

गुरुवारी पास्तोला नर्सने विचारलं, "कवळी आहे का?"

"आहे," मी म्हणाले. "घरी, पेल्यात." आणि तोंड उघडलं.