वाटीभर तांदूळ आणि परातीचा उजेड

मी एक जुनी पितळी परात आहे, मित्रांनो. दवनीवाड्याच्या धुरपताबाईंच्या लग्नात मी या घरी आले. कितीतरी वर्षे माझ्यात तांदूळ निवडले गेले. पाहुणे माझी चकाकी वाखाणत. मग स्टीलची हलकी ताटे आली आणि मी माळ्यावर गेले. फक्त श्रावणात बाई मला चिंचेने घासून सोमवारच्या नैवेद्याला खाली घेत.

गेल्या श्रावणात दहावीतल्या नातीला, डिंपलला, शाळेच्या स्पर्धेसाठी लहानशी फिल्म करायची होती. नात शिकायला गोंदियाला जाते आणि आजी एकटी उरते, एवढीच गोष्ट. फिल्ममधली आजी होणार होत्या बाई. शेजारच्या चुन्नीलालकाकांनी आजीच्या तोंडी निरोपाचे चार पानी भाषण लिहिले होते. फोनही त्यांचाच. फिल्म पाठवायची मुदत संध्याकाळी पाचची, आणि डिंपल विसरलीच की तो सोमवार आहे. श्रावणातल्या सोमवारी बाईंचे मौन दिवस मावळेपर्यंत असते.

"आजी, एक दिवस बोललीस तं महादेव रागावते का?" डिंपल रडवेली झाली.

बाईंनी नुसते हात जोडले.

"काऊन छळून राहिली तिले? माही चार पानं गेली पाण्यात," काका पुटपुटले.

घरात उजेड कमी होता. बाईंनी मला दारातल्या उन्हात ओढले. रोजच्यासारखे दोघींचे दोन वाट्या तांदूळ माझ्यात पसरले. मग जरा थांबून, त्यातले वाटीभर परत डब्यात टाकले. तांदूळ कमी झाले तसा माझा तळ उघडा पडला आणि ऊन माझ्यावरून बाईंच्या चेहऱ्यावर गेले.

डिंपल बघतच राहिली. "काका, हेच घेऊ."

"घे. पण वहिनी, डब्यावर हात जरासा थांबवा," काका म्हणाले. त्यांनी चारही पाने घडी करून खिशात घातली. डिंपल फोन घेऊन जमिनीवर पालथी झोपली. तिसऱ्या वेळी जमले. पाचला दहा कमी असताना फिल्म गेली.

दिवस मावळल्यावर बाई पहिल्यांदा बोलल्या, "परात आण, माहा नैवेद्य राहिला."

शाळेत फिल्म दाखवली तेव्हा मागच्या बाकावरची पोरेही गप्प झाली, असे डिंपल सांगत होती. बक्षीस दुसरे आले.

आता डिंपल खरेच गोंदियाला शिकते. मी माळ्यावर जात नाही. बाई माझ्यातच तांदूळ निवडतात; सवयीने दोन वाट्या घेतात, एक परत टाकतात, आणि माझ्यातल्या उजेडाकडे बघून हसतात.

मित्रांनो, तुमच्याही माळ्यावर माझ्यासारखी कुणी असेल. तिला खाली घ्या, चिंचेने घासा. आणि काही करायला निघाल्यावर हाताशी थोडेच असेल, तर घरातल्यांना जवळ बोलवा. आमचे असेच जमले.