पंचवीस अक्षरांचा पासवर्ड

आधीच सांगते, कॉम्प्युटर मी बिघडवला नाही. आमच्या ह्यांनी बिघडवला. फक्त हे त्याला बिघडवणं म्हणत नाहीत, अपग्रेड म्हणतात.

मी घरी बसून डॉक्टरांचे रिपोर्ट टाइप करते. डॉक्टर मशीनमध्ये बोलून ठेवतात, म्हणजे तोंडात घास असल्यासारखे पुटपुटतात, आणि मी कानाला हेडफोन लावून त्यातून यकृत कुठलं आणि मूत्रपिंड कुठलं ते निवडून काढते. अकरा वर्षं झाली. एकदाही कुणाची उजवी किडनी डावीकडे गेलेली नाही. तर गेल्या आठवड्यात ऑफिसचं पत्र आलं. रविवारी संध्याकाळी सहापर्यंत सगळ्यांनी घरचे कॉम्प्युटर नव्या सिस्टीमवर आणावेत. सहा वाजता तपासणी होईल, ज्याचा जुना निघेल त्याचं खातं बंद आणि काम दुसऱ्याला. अकरा वर्षं राबले, आणि पत्रात साधं 'कृपया' नाही मेल्यांच्या.

"त्यात काय एवढं," हे म्हणाले. हे गाडी चालवायला शिकवतात. जगातलं कुठलंही काम पहिला गिअर टाकून हळूहळू क्लच सोडला की होतं, अशी त्यांची समजूत आहे. "नवीन लायसन्स घ्यायचं कारणच नाही. जुन्या सिस्टीमची लायसन्स की आहे ना आपल्याकडे? तीच नव्याला चालते. मी सगळी माहिती काढलीये."

"नक्की?"

"अगं, आरसा बघितल्याशिवाय मी गाडी काढतो का?"

रविवारी जेवणं उरकल्यावर ह्यांनी गाडी काढली. माझ्या फाइली तेवढ्या बाजूला काढून ठेवल्या, ही देवाची कृपा. बाकी डिस्क पार धुवून-पुसून घेतली. म्हणे नव्या सिस्टीमला जुना कचरा नको. तीन वाजता पडद्यावर एक चौकट आली: पंचवीस अक्षरांची लायसन्स की टाका. हे टॉर्च घेऊन टेबलाखाली शिरले, कारण ती की छापलेला स्टिकर कॉम्प्युटरच्या डब्यावर होता. आत गेलेला माणूस बराच वेळ बाहेर येईना.

"अहो, सापडला का?"

"स्टिकर आहे," टेबलाखालून आवाज आला.

"मग वाचा की!"

"स्टिकर आहे गं. अक्षरं नाहीत."

मी वाकून बघितलं. पांढराफटक, गुळगुळीत कागद. आणि मग माझी नजर सोफ्यावर बसून पेपर वाचणाऱ्या माझ्या सासऱ्यांच्या पायांकडे गेली. बाबा रोज सकाळी दोन तास कॉम्प्युटरवर पत्ते खेळतात, आणि खेळताना पाय त्या डब्यावर ठेवतात. डबा गरम असतो, टाचांना बरं वाटतं म्हणे. इतकी वर्षं त्या टाचा तिथे घासत होत्या.

"बाबा, तुमच्या टाचांनी लायसन्स खाल्लं."

"कुणाचं?"

"माझं!"

बाबांनी पेपर खाली घेऊन स्वतःच्या टाचा तपासल्या आणि पुन्हा पेपर वर केला.

चौकट रिकामी ठेवून पुढे जाता येत होतं. हे गेलेही. सिस्टीम चढली, पण कोपऱ्यात 'अॅक्टिव्हेट केलेली नाही' अशी ओळ येऊन बसली, आणि ऑफिसच्या पत्रात 'अॅक्टिव्हेट केलेलीच' हे शब्द ठळक होते. नवीन लायसन्स ऑनलाइन घ्यायला गेलो, तर 'चोवीस तासांत मेल येईल.' माझ्याकडे तीन तास नव्हते.

"शांत राहा," हे म्हणाले. "रिव्हर्स घेऊ."

"कुठे घेता रिव्हर्स? मागचा रस्ता तुम्हीच पुसून टाकलात ना!"

मला रडू यायला लागलं होतं, आणि मला रडू यायला लागलं की मी ओरडते.  हे एकदम उठून उभे राहिले.

"वायफाय!"

हे आठवलं म्हणून त्यांना मी त्या दिवशी माफ केलं, नाहीतर त्यांचं काही खरं नव्हतं. त्याचं असं आहे, कॉम्प्युटर घेतला तेव्हा आमचे हे त्या लायसन्स कीच्या प्रेमात पडले होते. पंचवीस अक्षरं, जगात दुसऱ्या कुणाकडे नाहीत, आणि आपण रीतसर विकत घेतलेली. एकदाच वापरून वाया का घालवायची? म्हणून तीच की त्यांनी घरच्या वायफायचा पासवर्ड करून टाकली. कुणी पाहुणा वायफाय मागायचा आणि ह्यांनी दिलेला कागद बघून बसायचा. सातव्या अक्षराला चष्मा निघायचा. पंधराव्याला माझी सख्खी बहीण म्हणाली, "राहू दे ताई, मी घरी जाऊनच बघते."

"पण वायफायचा पासवर्ड आता तो नाही," मी म्हटलं. तो मी बदलला होता. महिन्यापूर्वी. आणि जुना कागद चार तुकडे करून टाकून दिला होता.

का बदलला, तर आमच्या वरच्या मजल्यावर भोंगेकाका राहतात. पूर्वी बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचे, आता एकटे असतात आणि रोज सकाळी घरी वाजवतात, म्हणून अख्खी बिल्डिंग त्यांना भोंगेकाका म्हणते. महिन्यापूर्वी आमचं नेट फार रखडत होतं म्हणून ह्यांनी वायफायवर कोण कोण आहे त्याची यादी काढली. त्यात एक फोन जास्त निघाला. यादीतल्या नावावरून कळलं, तो भोंगेकाकांचा. माझं डोकं फिरलं. मी तशीच जिन्यात गेले. काका कचऱ्याची पिशवी घेऊन खाली येत होते. त्यांना तिथंच धरलं आणि तोंडाचा पट्टा सोडला. फुकटे म्हटलं. चोर म्हटलं. या वयात लाज वाटत नाही का, असंही म्हटलं. चारी मजल्यांची दारं उघडली. काका नुसते "बरं" म्हणाले, कचरा टाकून आले आणि वर गेले. त्या दिवसापासून ट्रंपेटही बंद. मी मेली खूशच होते, सकाळची शांतता मिळाली म्हणून.

"म्हणजे," हे सावकाश म्हणाले, "तो पासवर्ड आता एकाच माणसाकडे असणार."

"पंचवीस अक्षरं काही पाठ नसणार त्यांना. लिहून ठेवली असतील."

"मी जातो वर," बाबा एकदम म्हणाले. पेपर घडी घालून बाजूला ठेवलेला. "मला पाय मोकळे करायचेच आहेत."

"तुम्ही बसा, बाबा. भांडले मी, मीच जाते."

"अगं पण..."

"बाबा, सव्वाचार वाजले!"

ज्या जिन्यात तोरा मिरवला तोच जिना नाक मुठीत धरून चढले. दार उघडलं तेव्हा काका इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून उभे होते. मला बघून त्यांनी कचऱ्याच्या डब्याकडे एक नजर टाकली, जणू आता त्याचं काय चुकलं.

"काका," मी म्हटलं, "तुमच्याकडचा आमचा पासवर्ड हवाय. जुना."

"मी चोरलेला?"

"हो. म्हणजे... हो, तोच."

मी सगळं सांगून टाकलं. टाचा, डिस्क, सहा वाजता जाणारी नोकरी. डोळ्यांत पाणी आलं ते पुसलंही नाही. काका हसतील वाटलं, मला हसण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता. ते म्हणाले, "आत ये," आणि कपाटाकडे गेले.

टेबलावर साखरेच्या डब्याला टेकवून फोन उभा ठेवला होता. समोर एक खुर्ची. फोनमध्ये काही चालू नव्हतं.

"कुणाचा फोन येणार आहे का?"

"रविवारी पाचला मुलगी बोलायची. बोटीवर स्वयंपाकी आहे. बंदराला लागली की दिसायचीसुद्धा. माझ्या फोनला स्वतःचं नेट कुठे आहे, तुमच्यावरच चालायचा."

"मग आता?"

"आता नुसता बसतो पाचला. सवय झालीये."

आणि त्यांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला पुठ्ठ्याचा तुकडा सोडवून माझ्या हातात दिला. निळ्या शाईत पंचवीस अक्षरं, पाच-पाचचे गट करून. सातच्या आकड्याच्या पोटात आडवी रेघ. असा सात या जगात एकच माणूस काढतो, आणि तो माणूस खाली आमच्या सोफ्यावर बसलेला होता. अक्षरांखाली त्याच निळ्या शाईत लिहिलं होतं: 'सूनबाईला कळू देऊ नये. भडकेल.'

मी ते दोनदा वाचलं.

"काका, तुम्ही त्या दिवशी बोलला का नाहीत? मी सगळ्यांसमोर तुम्हाला..."

"काय बोलणार? तुझ्या सासऱ्याला त्या घरात राहायचंय. मी काय, वर राहतो."

मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.   पुठ्ठा घेऊन मी खाली पळाले.

ह्यांनी अक्षरं टाइप केली, मी वाचून दाखवली, प्रत्येक गट दोनदा तपासला. पावणेपाचला कोपऱ्यातली ती ओळ गेली आणि 'अॅक्टिव्हेट झाली' असं आलं. हे ओरडले, "बघ, म्हटलं नव्हतं का, जुनी की चालते!" आणि स्वतःची पाठ स्वतःच थोपटून घेतली. मी तेव्हा बाबांकडे बघत होते. ते पेपरच्या आड होते.

"बाबा, तुम्ही मला एवढे घाबरता?"

"छे गं."

मी पुठ्ठा पेपरवर ठेवला. बाबांनी तो वाचला. स्वतःचंच अक्षर, पण बराच वेळ लावला.

"थोडा," ते म्हणाले. "मी रोज चारला वर जायचो ना, तर तो सारखा पोरीची आठवण काढायचा. म्हटलं, आपल्याकडे एवढं नेट आहे. तुला विचारणार होतो. मग तू त्या दिवशी जिन्यात... मग कसं विचारणार?"

"आणि मी त्यांना चोर म्हणत होते तेव्हा?"

"तेव्हा मी दाराच्या मागे होतो," बाबा म्हणाले. "महिना झाला, वर गेलो नाही. कुठल्या तोंडाने जाऊ?"

ह्यांनी खुर्ची सोडली. मी वायफायचं पान उघडलं. महिन्यापूर्वी रागाच्या भरात ठेवलेला पासवर्ड खोडला आणि पंचवीस अक्षरं परत टाकली. पाचला दोन मिनिटं कमी होती. घरातले सगळे फोन बंद पडल्यासारखे झाले, हे "अगं माझं नेट!" म्हणून ओरडले, त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. नुसता पासवर्ड परत ठेवून हे फिटणार नव्हतं, ते मला कळत होतं. मी बाबांचा हात धरला आणि त्यांना जिन्यात घेऊन गेले, बरोबर त्याच पायरीवर.

"ऐका सगळे!" मी ओरडले. आवाजाची देणगी आहे मला. "भोंगेकाका चोर नाहीत! आमचा पासवर्ड त्यांना आमच्या बाबांनी दिला होता! मी मूर्खासारखी वाटेल ते बोलले! माझं चुकलं! काका, ऐकलंत का? माझं चुकलं!"

चारी मजल्यांची दारं उघडली. सगळ्यात वरचं सगळ्यात शेवटी. काका कठड्यावरून वाकले, हातात फोन उभा धरलेला, आणि त्या दिवशी जे ओरडले नव्हते ते आज माझ्यावर ओरडले.

"हळू बोल की गं! पोरीचा आवाज ऐकू येत नाहीये!"

मी तोंडावर हात ठेवला. बाबा माझा हात सोडून वर निघाले, एकेक पायरी, कठडा धरून.