भिंत वगळून

ऑफिसात त्याला सगळे 'पडझड' म्हणत. नाव ठेवणारा केव्हाच दुसऱ्या कंपनीत गेला, नाव मात्र मागे राहिलं. चित्रपटात जे जे पडतं, कोसळतं, घरंगळतं, ते कसं पडेल याचं गणित संगणकाला शिकवणं हा त्याचा धंदा. नोकरीची सुरुवात पाण्यापासून झाली. मग धूर, मग कापड, मग इमारती, आणि बढती मिळत मिळत तो माणसांपर्यंत येऊन पोचला होता.

या विद्येचा तोटा असा की ती संध्याकाळी आपल्याबरोबर घरी येते. इतरांना टेबल दिसतं, त्याला टेबलाचा कोपरा दिसे. बायको स्टुलावर चढून माळ्यावरची बॅग काढायला लागली, की हा खाली स्टुलाचे पाय धरून बसे.

"सोड," ती म्हणे. "तू धरलंस की मलाच भीती वाटते."

सगळ्यात जास्त भीती वडिलांची. जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले वडील दोन गल्ल्या पलीकडे एकटे राहत. झोपायची खोली वर, स्वयंपाकघर खाली, मधे अंधारा, अरुंद जिना. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला गुडघ्याएवढा कठडा, जो कोणाला वाचवण्यापेक्षा पाडण्याच्या जास्त कामाचा. आमच्याकडे राहायला या म्हटलं, की ते म्हणत, "आता या वयात डेपो बदलायला सांगतोस?"

शेवटी त्याने जिन्यात, उतरताना वडिलांच्या उजव्या हाताला येणाऱ्या भिंतीवर उंच, कॅमेरा बसवला. त्यातून बोलायचीही सोय होती. सुनेने एकदा त्यातून "बाबा, गोळी घेतलीत का?" असं विचारलं, तर सासऱ्यांनी कॅमेऱ्यावर टोपी घालून ठेवली. ती काढायला चार जणांना मध्यस्थी करावी लागली.

अशात ऑफिसात एका चित्रपटातला प्रसंग कामाला आला. म्हातारा जिन्यावरून पडतो. पडझडने पाडलेला म्हातारा त्याच्या वरिष्ठ मॅडमना पसंत पडेना.

"हा तरुण माणूस आहे," त्या म्हणाल्या. "पांढरे केस लावून पडतोय. चालच खरी नाही. कोणीतरी खरा म्हातारा बघ ना."

खरा म्हातारा त्याच्या फोनमध्ये होताच. फक्त उतरतानाची चाल घ्यायची, पडण्याचा भाग आपला आपण करायचा, असं त्याने स्वतःला समजावलं आणि वडिलांच्या जिना उतरण्याचं महिनाभराचं चित्रण संगणकाला दिलं. वजन दिलं, दुखरा गुडघा दिला, पायऱ्यांची मापं दिली. भिंत तेवढी काढून टाकली. चित्रपटातला कॅमेराही त्याच बाजूला होता, आणि आड येणारी भिंत काढणं हा या धंद्यातला पहिला धडा. भिंती आपल्या तक्रार करत नाहीत.

मग त्याने म्हाताऱ्याला नुसतं खाली चालत यायला सांगितलं. पाडायचं नंतर.

म्हातारा वळणाच्या पायरीवर आपणहून पडला.

त्याने पुन्हा चालवलं. पुन्हा तीच पायरी. वजन कमी केलं, वेग कमी केला, चपलांची पकड वाढवली. तीच पायरी, तोच गुडघा, कठड्यावरून तसंच पलीकडे जाणं. हात पुढे येत होते, पण उशिरा.

"सुंदर," मागून मॅडम म्हणाल्या. "याला आता हात लावू नकोस."

हा प्रोग्राम मुलखाचा खोटारडा आहे, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? मॅडमनी सांगितलं म्हणून त्याने स्वतः याच प्रोग्रामकडून पाणी चढावर नेलं होतं. तरीही त्याला राहवेना. खरे वडील ती पायरी कशी उतरतात हे त्याने चित्रणात पुन्हा पुन्हा पाहिलं. तिथे आले की त्यांचा उजवा खांदा थोडा बाहेर झुकायचा. हात चित्राच्या चौकटीबाहेर जायचा आणि क्षणभर तिथेच राहायचा.

भिंत. वडील दरवेळी भिंतीवर तळवा टेकत होते.

त्याने प्रोग्राममध्ये भिंत परत उभी केली. म्हातारा सुखरूप खाली आला. पडझडने पाठ खुर्चीला टेकली, आणि ती तशीच ताठ झाली.

आज सकाळी तिथे रंगारी येऊन गेला होता. त्यानेच पाठवला होता, अंधारात वडिलांचा पाय चुकू नये म्हणून भिंत पांढरी करायला. आणि वर फोन करून बजावलंही होतं, "बाबा, उद्यापर्यंत भिंतीला हात लावू नका. रंग ओला आहे." रंगाच्या बाबतीत वडील भलते काटेकोर. नव्या रंगाच्या बसला हात लावणारा मेकॅनिक त्यांच्या तोंडून काय काय ऐकायचा, ते डेपोत अजून सांगतात.

त्याने फोन लावला आणि समोरच्या संगणकावर जिन्यातला कॅमेरा उघडला. वडिलांचा फोन खाली स्वयंपाकघरात वाजत होता. ते त्याला कॅमेऱ्यातून ऐकू आलं. जिन्याच्या वरच्या टोकाला वडील दिसले. दुपारच्या झोपेतून उठलेले, रंगाला लागू नयेत म्हणून दोन्ही हात छातीशी आवळून धरलेले.

त्याने घाईघाईने फोन तोडला.

"अरे, बंद झाला," वडील म्हणाले, आणि पुढचा फोन चुकू नये म्हणून भराभर उतरू लागले.

बोलायचं बटण सापडेपर्यंत ते वळणापाशी पोचले होते.

"बाबा. भिंतीला हात लावा."

वडील थबकले. एक पाय हवेत.

"रंग ओला आहे," ते कॅमेऱ्याला म्हणाले.

"असू दे. लावा."

"तूच म्हणालास लावू नको."

"आता लावा म्हणतोय."

"एक काय ते ठरव." पाय अजून हवेतच होता. प्रोग्राममधले वडील एवढ्यात कठड्यापलीकडे गेलेले असायचे. खऱ्या वडिलांनी पाय सावकाश मागे घेतला, ढुंगण टेकलं आणि पायरीवर बसले. "ही गाडी बंद केली. तुझं ठरलं की सांग."

"हे कुठलं व्हर्जन?" मॅडम वाकून बघत म्हणाल्या. "बसला का तो? हे नाही पटत. कोणी असं बसत नाही."

पडझड उठून निघाला. लिफ्टची वाट न बघता ऑफिसचा जिना उतरला, भिंतीला धरून.

वडील अजून त्याच पायरीवर बसलेले होते. तो चार पायऱ्या चढून त्यांच्यासमोर उभा राहिला.

"मघाशी फोन कोणाचा होता?" त्यांनी विचारलं.

"माझा."

"काय काम होतं?"

"जिना उतरू नका, हे सांगायचं होतं."

वडिलांनी खालच्या स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं.

"मग खाली कशाला बोलावलंस?"

त्याने हात पुढे केला. वडिलांनी तो धरला, उठले, आणि दुसरा तळवा सरळ ओल्या रंगावर दाबला. पाच बोटं स्वच्छ उमटली. दोन पायऱ्या उतरल्यावर त्यांनी खाली त्याच्याकडे बघितलं.

"तुझे पाय कापतायत रे," ते म्हणाले. "भिंत धर."