शेगडीत गेलेली वर्षे

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. साधासुधा नव्हे, माणसाने घडवलेले हत्यार आहे. किती जुना, हे मात्र विचारू नका. ते आता कुणालाच सांगता येणार नाही.

मला घडवणारी माणसे उमरेडच्या पुढच्या डोंगरात एका गुहेत राहत आणि माझ्या धारेने कातडी खरवडत. एके दिवशी कुणाच्या तरी हातून मी जाळात पडलो, लालबुंद भाजलो आणि तिथेच राखेत राहिलो. वर माती साचत गेली. त्या मातीतून न दिसणारे किरण येत आणि त्यांची शक्ती माझ्यात थोडी थोडी साठत राही. असा दगड प्रयोगशाळेत पुन्हा तापवला, की तो क्षणभर अंधुक उजेड देतो. उजेड जितका जास्त, तितकी जाळात पडल्यानंतरची वर्षे जास्त. पण तो एकदाच देता येतो. मग आत काही उरत नाही.

१९८३ च्या उन्हाळ्यात इंदुताईंना मी सापडलो. त्या जुन्या गुहांचा अभ्यास करत आणि नागपुरात लकडगंजला आईजवळ राहत. गिट्टीची, म्हणजे रस्त्याच्या खडीची, एक खाण त्या गुहेकडे सरकत येत होती. "नुसत्या दगडांवर कोण विश्वास ठेवेल? वर्षांचा आकडा आणा, मग खाण थांबवू," असे सरकारी कचेरीतल्या साहेबांनी त्यांना बजावले होते. सगळ्या हत्यारांत पुरेसा जाड आणि आतपर्यंत भाजलेला मी एकटाच निघालो. काय भाव आला मला! काळ्या कापडात गुंडाळून, पत्र्याच्या डब्यात घालून इंदुताईंनी मला घरी आणले.

"काय आणलं वं एवढं जपून?" त्यांच्या आईने, जिजाबाईंनी विचारले.

"तुले नाही समजणार ते, आई."

महिनाभर उकिडवे बसून माती काढल्याने इंदुताईंची कंबर धरली होती. त्यात दुसऱ्या दिवशी तापही भरला. जिजाबाई शेकायला काहीतरी शोधू लागल्या. डब्यात त्यांना मी सापडलो, बरोबर तळहाताएवढा. त्यांनी मला कोळशाच्या शेगडीत घातले. मी पुन्हा लालबुंद झालो. हजारो वर्षे जपलेला उजेड मी त्या निखाऱ्यांत देऊन टाकला आणि तो कुणालाच दिसला नाही. मग मला जरा निववून, जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून त्यांनी लेकीची कंबर शेकली. तापातल्या इंदुताईंना काही कळले नाही. मला पुसून पुन्हा काळ्या कापडात ठेवले गेले. प्रकाश लागू नये म्हणून इंदुताईंनी डबा न उघडताच प्रयोगशाळेत पाठवला.

चार महिन्यांनी पत्र आले, सोबत माझा उरलेला तुकडा. दगड अलीकडेच तापवलेला आहे, वय काढता येत नाही, असे त्यात लिहिले होते.

"आई, त्या डब्यातला गोटा तू घेतला होता?"

"हो ना. तुही कंबर नाही का शेकली त्यानं? काहून?"

इंदुताईंनी जाळ, किरण, उजेड, खाण, सगळे आईला सांगितले. जिजाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"मंग हे तवाच काहून नाही सांगतलं वं मले?"

इंदुताई खाली बसल्या आणि आईच्या पुढ्यातले तांदूळ निवडू लागल्या.

पुढच्या वर्षी सुरुंगांनी गुहा उडवली. तिची गिट्टी झाली. मित्रांनो, जिजाबाईंचा मला राग नाही. त्यांनी लेकीच्या मायेनेच मला निखाऱ्यात घातले. जुन्या वस्तू जरूर जपा, पण नुसत्या डब्यात घालून त्या जपल्या जात नाहीत. घरातल्या माणसांना जवळ बसवून त्यांची गोष्ट सांगा. त्यांना कळते.

मी आता कपाटात असतो. घरी कुणीही आले, की जिजाबाई मला काढून दाखवतात आणि किरण कसे साठतात, उजेड कसा निघतो, ते समजावतात. एक शब्दही चुकत नाही. शेवटी म्हणतात, "माह्या हातानं गेलं जी." तेव्हा इंदुताई उठून आतल्या खोलीत जातात.