पलीकडची कडी

वैशाखातली दुपार पिवळी होती.

वसमतच्या मोंढ्यात, हळदीच्या बाजारात, जमीन पिवळी, भिंती पिवळ्या, हमालांच्या पापण्या पिवळ्या. हळदीचं पोतं आदळलं की धूळ उठायची, उन्हात तरंगायची, आणि मग ऊनच पिवळं होऊन जायचं. चिमणीनं पंख झाडले तरी चिमूटभर हळद उडायची. पश्चिमेला, पार लांब, वळवाचा एक काळा ढग बसला होता. नुसता बसला होता, हलत नव्हता.

त्या हळदवेड्या उजेडात दिगंबर कऱ्हाळेचा ट्रक उभा होता. एकच ट्रक. मालक तोच, ड्रायव्हर तोच. सोळा वर्षं.

दिगंबरला पिवळं दिसत होतं. नुसतं दिसत होतं.

पोती भरून झाली होती. थप्पी केबिनीच्याही वर हातभर गेली होती. माल जयपूरला जायचा होता. उस्मान मुकादम, हमालांचा म्होरक्या, कपाळावर हाताची सावली धरून ढगाकडे बघत आला.

"दिगंबरभाऊ, चारच्या आत ताडपत्री बांधून घ्या. बांधल्याबिगर शेठ कागद देत न्हाईत. उशीर झाला तं माल त्या दुसऱ्या गाडीत टाका म्हणायलेत."

"बांधतो."

"दोन माणसं देऊ का?"

"नको. जमतंय."

उस्माननं ट्रकच्या पलीकडच्या बाजूला पाहिलं. तिकडे कुणी नव्हतं. त्यानं खिशातली बिडी काढली, तशीच परत ठेवली आणि गेला.

ट्रक पौषापासून गावात लिंबाखाली उभा होता. बॉनेटवर पानं पडली, वाळली, उडाली. आज पहिली खेप. सकाळी निघताना दिगंबर भावाला म्हणाला होता, "ही खेप हुकली तर गाडी विकून टाकतो." दार लोटून घे म्हणावं, तसं म्हणाला होता.

ताडपत्री त्यानं वर चढून पसरली. खाली उतरला. दोर घेतला.

दोर बांधणं दोघांचं काम. ट्रकच्या दोन्ही अंगांना खाली लोखंडी कड्या असतात. एकानं अलीकडून दोर मालावरून फेकायचा. दुसऱ्यानं पलीकडे झेलायचा, कडीतून ओवायचा, परत फेकायचा. एक ओढतो तेव्हा दुसरा धरतो. अशा अकरा फेका. दोर नागमोडी जातो, पुढून मागे, आणि माल ट्रकला घट्ट धरून राहतो.

सोळा वर्षं अलीकडे दिगंबर आणि पलीकडे द्वारका.

क्लीनर त्यांनी कधी ठेवला नाही. बायको ट्रकवर नेतो म्हणून गाव हसलं, मग हसायचं विसरलं. मोंढ्यामोंढ्यात, बाजाराबाजारात, उन्हात आणि धुक्यात तो दोर फेकायचा आणि पलीकडून आवाज यायचा, "आला!" मग दोर परत यायचा. मग तो म्हणायचा, "आला!" मध्ये माल असायचा. कधी कापूस, कधी डाळ, कधी हळद. तोंड दिसायचं नाही. दोर दिसायचा. आवाज यायचा.

पौषात तीन दिवस ताप आला आणि द्वारका गेली. बायकांनी तिला हळदीकुंकू लावलं, ओटी भरली. तेव्हाही हळद पिवळीच होती.

दिगंबरनं पहिली फेक टाकली. दोर वर गेला, पिवळ्या आभाळात एक वळसा झाला, पलीकडे पडला.

आणि दिगंबर उभा राहिला.

तळहात वर करून, मान उचलून, दोर परत यायची वाट बघत उभा राहिला. चार श्वास गेले. आठ गेले. शेजारच्या थप्पीवरच्या हमालानं त्याला पाहिलं आणि तोंड फिरवून उगाच एक पोतं सरळ केलं.

मग दिगंबरनं हात खाली घेतला आणि तो ट्रकला वळसा घालून पलीकडे गेला.

ट्रकची ती बाजू त्याच्या ओळखीची नव्हती. रंग कुठे उडालाय, पत्रा कुठे चेपलाय, त्याला माहीत नव्हतं. ती बाजू तिची होती. तिसऱ्या कडीला एक चिंधी गुंडाळलेली दिसली. जुन्या हिरव्या लुगड्याची, घट्ट, तीन पदरी. कडीची धार दोराला लागू नये म्हणून. तिनं कधी सांगितलं नव्हतं. त्यानं कधी विचारलं नव्हतं.

त्यानं चिंधी पाहिली. काही झालं नाही. त्यानं दोर पहिल्या कडीत ओवला.

पलीकडे आवळावं तर अलीकडे ढिला. अलीकडे आवळावं तर पलीकडे ढिला. फेकायचा, चालायचा, ओवायचा. फेकायचा, चालायचा, ओढायचा. सावली चाकाखालून सरकली. ढगानं बूड हलवलं. चार फेका झाल्या आणि चारी सैल होत्या. ताडपत्रीत वारा शिरला, ती फुगली, बसली, पुन्हा फुगली.

पाचवी फेक पलीकडे पडली आणि कुणीतरी ओरडलं.

"अरं मेल्या! पाडलीस न्हवं माझी हळद!"

पलीकडे ट्रकच्या सावलीत आता गयाबाई येऊन बसली होती. मोंढ्यात सांडलेली हळद झाडून, चाळून गोळा करणारी म्हातारी. दोर तिच्या टोपल्यावर पडला होता.

"चुकलं, माय," दिगंबर वळसा घालून येत म्हणाला.

"चुकलं म्हणं! तुझी बायको कुठंय? मागच्या साली माझ्याकून तंबाखू नेली, चुना नेला, अजून तोंड न्हाई दावलं. ती असती तं दोर टोपल्यात पडू देला नसता."

दिगंबर खाली वाकला. हळद ओंजळीनं टोपल्यात भरू लागला.

"वारली, माय. पौषात."

हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. सगळ्यांना आधीच माहीत असायचं. शब्द तोंडातून बाहेर आला, त्याच्यासमोर पिवळ्या मातीत पडला आणि पडून राहिला.

तळहातावरची तंबाखू गयाबाईनं मळली, मळली, पुष्कळ वेळ मळली. अर्धी तोंडात टाकली. अर्धी खाली सोडून दिली.

मग उठली. गुडघ्यावर हात ठेवून, माय गं म्हणत.

"आन् म्हणून कवाधरनं गोल गोल फिरायलास? घाण्याचा बैल हाईस का? जा तिकडं. टाक दोर."

"नको, माय. जमतंय."

"काय जमतंय? आंधळ्यालाबी दिसंल, सगळं लोंबायलंय."

"नको म्हणलं ना."

"अरं, मला काय तुझ्या केबिनीत बसून जैपूरला जायचंय?" तिनं पदर खोचला. "दोर धरायलेय निस्ता. जा, व्हय तिकडं."

दिगंबर उभा राहिला. ढग मोंढ्याच्या पत्र्यांवर आला होता. पिवळं ऊन कडेकडेनं तांबूस होत होतं. लांब वजनकाट्यापाशी दुसरी गाडी रिकामी उभी होती, मागचं फळकं उघडं टाकून.

तो अलीकडे गेला.

सैल झालेला दोर त्यानं सोडवला, सगळा. हातात गुंडाळी घेतली. थप्पी समोर उंच होती. पलीकडचं काही दिसत नव्हतं. पलीकडे कुणीही असू शकलं असतं.

त्यानं फेकला.

दोर गेला. वळसा झाला. पडला.

"आला!"

आवाज तिचा नव्हता. घोगरा होता, तंबाखूनं भरलेला, म्हातारा. तरी दिगंबरच्या खांद्यात काहीतरी सरकलं, गंजलेला खिळा लाकडात हलावा तसं.

"झोपलास का रं? वढ की!"

त्यानं ओढला. दोर ताणला गेला. पलीकडे कुणीतरी धरलं होतं, म्हणून ताणला गेला.

"आला!" ती ओरडायची. "आला," तो म्हणायचा, हलक्या, बऱ्याच दिवसांनी वापरल्यासारख्या आवाजात. ताडपत्रीतला वारा निघून गेला. पाचवी फेक पडली आणि पलीकडून प्रश्न आला.

"ह्या कडीला चिंधी हाय रं लुगड्याची. काढून टाकू का?"

दिगंबरच्या हातात दोर तसाच राहिला.

"नको, माय. राहू दे. तिच्यावरूनच घे."

दोर पलीकडे हळूच सरकला.

"घेतला," गयाबाई म्हणाली. या वेळी ओरडली नाही.

पावणेचारला उस्मान मुकादम कागद घेऊन आला. ताडपत्रीवर त्यानं हात आपटून पाहिला. ती ढोलकीसारखी वाजली. तो मागे सरला आणि शेवटची फेक होईपर्यंत थांबला.

अकरावी फेक दिगंबरनं सर्व जोर लावून ओढली. दोर तळहातातून करकरत गेला. हात सोलला, लाल झाला, त्यावर पिवळं बसलं, आणि झोंबलं.

झोंबलं. त्यानं हाताकडे पाहिलं. पौषापासून पहिल्यांदा काहीतरी लागलं होतं.

ढग वर होता. खाली हळद होती. मध्ये दोर, पुढून मागे, मागून पुढे, अलीकडून पलीकडे, एका हिरव्या चिंधीवरून जाऊन परत आलेला.