परांचीवरचं हसू

माझं नाव स्प्लायसर. शंभरातल्या नव्व्याण्णवांनी मला कधी पाहिलं नसेल, आणि त्यात तुमचा काही दोष नाही. मी थिएटरातल्या ज्या प्रोजेक्टरच्या खोलीत आयुष्य काढलं, तिच्या दारावर 'आत येऊ नये' असं ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं. सिनेमाची फिल्म तुटली की ती जोडायचं हत्यार म्हणजे मी. वीतभर लांब, लोखंडी, मधोमध पातं आणि दोन्ही बाजूंना फिल्मची भोकं अडकवायला बारीक दात.

माझ्यासारखे शेकडो एकाच कारखान्यात जन्मले. मी आलो तो एका वस्तीतल्या छोट्या थिएटरात. तीनशे खुर्च्या, त्यातल्या चाळीस मोडक्या. मोठ्या थिएटरांत चालून चालून दमलेले सिनेमे शेवटी आमच्याकडे यायचे, त्यामुळे मला कामाची कधी ददात नव्हती. फिल्म तुटली की अंधारात शिट्ट्या सुरू व्हायच्या, प्रोजेक्टर चालवणाऱ्या ऑपरेटरच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा, आणि दोन-तीन मिनिटांत चित्र परत पळायला लागलं की मंडळी सगळं विसरून जायची. माझं कौतुक कोणी केल्याचं मला आठवत नाही.

एक गोष्ट मात्र आधीच कबूल करतो. मला जोडण्यापूर्वी कापावं लागतं. फाटलेली टोकं सरळ केल्याशिवाय जोड बसत नाही. दर वेळी दोन-चार चित्रं जातात. सेकंदाला चोवीस चित्रं पळतात, त्यातली दोन-चार कमी झाली तर कोणाच्या लक्षातही येत नाही. निदान माझी तशी समजूत होती.

एका वर्षी वस्तीतल्याच चार हौशी माणसांनी पदरमोड करून आमच्या वस्तीवर सिनेमा काढला. रविवारी सकाळी फुकट खेळ ठेवला. म्हातारेकोतारे, लेकुरवाळ्या, सगळे लोटले. गोष्टीकडे कोणाचंच लक्ष नव्हतं, जो तो स्वतःला शोधत होता. "तो बघ आपला जिना." "अगं, ती माझी पाठ आहे."

त्यात आमचा पेंटरही होता. थिएटरवरचे मोठे बोर्ड तोच रंगवायचा. सिनेमात तो परांचीवर बसून ब्रश फिरवत असतो, खालून कोणीतरी हाक मारतं, तो वळतो आणि तोंडभर हसतो. सगळं मिळून सहा सेकंद. त्याची आई उठून मागच्यांना सांगायला लागली, "माझा आहे तो, माझा." मागचे म्हणाले, "कळलं हो मावशी, खाली बसा, आम्हाला दिसत नाही."

पुढे सहा महिन्यांनी पेंटर त्याच परांचीवरून पडला आणि जागच्या जागी गेला. त्या सकाळी फळ्या ओल्या होत्या. तो आमच्या खोलीत येऊन म्हणाला होता, "आज नको, उद्या चढतो." ऑपरेटर म्हणाला, "दुपारच्या खेळाला नवा बोर्ड लागलाच पाहिजे. तुला काय होतंय?" पेंटर गेल्यावर हे बोलणं ठाऊक असणारे दोघेच उरले, ऑपरेटर आणि मी.

पेंटरची आई, वस्तीची मावशी, इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती. घरी मुलाचा एकच फोटो, ओळखपत्रासाठी काढलेला, आणि त्यात तो मास्तरांनी उभं केल्यासारखा दिसत होता. एका मंगळवारी दुपारी, दोन खेळांच्या मधल्या वेळात, ती जिना चढून आमच्या दाराशी आली. हातांना साबणाचा वास येत होता.

"तेवढाच तुकडा दाखवशील का रे? त्याचा?"

ऑपरेटर नाही म्हणू शकला असता. सिनेमाची प्रत एकच, ती आमच्या कपाटात, आणि फिल्म वापरली की झिजते हे त्याच्याइतकं कोणाला कळत होतं? पण कुठल्या तोंडाने नाही म्हणणार? त्याने रीळ चढवलं. मावशी रिकाम्या हॉलमध्ये चौथ्या रांगेत जाऊन बसली. पोरगा वळला, हसला. "अजून एकदा," ती खालून म्हणाली. ऑपरेटरने हाताने रीळ मागे फिरवलं.

मग दर मंगळवारी तेच. एकदा, अजून एकदा, शेवटचं एकदा. सगळ्या सिनेमातला तेवढाच भाग पुढे-मागे ओढला जायचा. भोकं फाटायला लागली. दुसऱ्या वर्षी फिल्म पहिल्यांदा तुटली, नेमकी तिथेच. ऑपरेटरने मला पुढे घेतलं. मी दोन्हीकडची टोकं कापली आणि जोड घातला. जोड जिथे असतो तिथेच फिल्म ताठ होते आणि पुन्हा तुटते. मी पुन्हा कापायचो. कापलेले तुकडे टेबलाखालच्या टोपलीत पडायचे आणि सकाळी झाडूवाली ते कचऱ्यात न्यायची.

सात-आठ वर्षांत ते हसू अर्धं झालं. मग अर्ध्याचं पाव झालं. शेवटी पोरगा वळायचा आणि ओठ हलायच्या आत पुढचं चित्र यायचं. एका मंगळवारी मावशी जिना चढून वर आली.

"हल्ली तो हसत का नाही रे?"

ऑपरेटर रीळ पुसत होता. वर न बघता म्हणाला, "हसतो की. तुमची नजर कमी झाली असेल, मावशी. वय झालं. डोळे दाखवून या."

माणसं खोटं बोलतात हे मला नवं नव्हतं. पण हे खोटं त्या बाईने खरं मानलं. तिला थोडा मोतीबिंदू होताच, तिने दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं. तीन महिने आली नाही. आली ती काळा चष्मा काढत, चक्क हसत. "डॉक्टर म्हणाला, आता सुईत दोरा ओवशील. लाव."

ऑपरेटरने लावलं. पोरगा वळला, संपलं. मावशी म्हणाली, "अजून एकदा." तसं तिने पाच वेळा लावायला लावलं. सहाव्या वेळी ती वर आली.

ऑपरेटर खाली मान घालून बोलला. "तुमच्या डोळ्यांना दोष नव्हता, मावशी. फिल्मच कमी होत गेली. तुटली की कापावी लागते. ह्याच्यात धरून." त्याने माझ्याकडे बोट केलं.

"आणि कापलेलं कुठे आहे?"

त्याने टोपलीकडे पाहिलं. ती रिकामीच होती.

मावशीने माझ्या पात्यावरून अंगठा फिरवला. मग हळूच म्हणाली, "म्हणजे मीच बघून बघून संपवला त्याला."

निदान तेव्हा तरी ह्या माणसाने तोंड उघडायला हवं होतं. 'नाही मावशी, तुम्ही नाही,' एवढं म्हणायला काय लागत होतं? त्याने रीळ डब्यात ठेवलं आणि झाकण लावलं. मला आयुष्यात त्याचा इतका राग कधीच आला नव्हता. मावशी जिना उतरून गेली ती थिएटरात परत आली नाही.

पुढे फिल्मच बंद झाली. थिएटराचं गोदाम झालं. ऑपरेटर आजारी पडून गेला, आणि ती ओल्या फळ्यांची गोष्ट त्याच्याबरोबर गेली.

हल्ली वस्तीतल्या एक शिक्षिका वाचनालयाच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा सिनेमा दाखवतात. भंगारातून मला त्यांनीच उचललं. दाराशी टेबलावर ठेवलंय आणि पुढे कार्ड आहे, 'तुटलेली फिल्म जोडणारे यंत्र'. लोक ते वाचून खूश होतात. त्या जुन्या रिळाचीही त्यांनी कॉम्प्युटरवर नक्कल करून घेतली आणि मागच्या महिन्यात मावशीला हाताला धरून घेऊन आल्या.

"मावशी, आता हवं तितक्या वेळा बघा. कितीही वेळा लावलं तरी झिजत नाही."

मावशीने कानामागे हात धरून ते दुसऱ्यांदा ऐकलं. मग विचारलं, "हसतो का?"

शिक्षिका जरा गोंधळल्या. "वळतो, आणि मग लगेच पुढचं चित्र येतं."

"मग राहू दे, बाई," मावशी म्हणाली आणि तिने पिशवी उचलली. जाताना ती माझ्या टेबलापाशी थांबली. कार्ड तिने वाचलं नाही. मला मात्र ओळखलं.

मला तोंड असतं तर तेव्हाच बोललो असतो. नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. मावशी अजून आहे, वाचनालयामागच्या गल्लीत शेवटच्या खोलीत राहते. तुमच्यापैकी कोणीतरी जा आणि तिला सांगा, की तू बघितलंस म्हणून तो संपला नाही. हसू कापलं मी, आणि ओल्या फळ्यांवर त्याला धाडलं ऑपरेटरने. दोन्ही सांगा, एक लपवून दुसरं सांगू नका. तिला ऐकू कमी येतं, जरा मोठ्याने बोला.